इस्त्री धरून दोन टन

आमच्या ताईंच्या गळ्यात दुसरं काही असो नसो, टेप असायचीच. आंघोळ करून आल्या की आधी टेप गळ्यात, मग चहा. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, किंवा कुणी होऊ दिलं नाही, जे काय असेल ते. तो माझ्या आधीचा विषय आहे आणि या घरात तो काढायचा नसतो. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, अशी दुरुस्तीची कामं त्या घरी करायच्या. गल्लीत सगळे त्यांना टेपताई म्हणायचे. माणूस दारातून आत आला की त्याचं माप त्यांनी नजरेनेच घेतलेलं असायचं, तरी वर टेप लावून बघायच्या. "अंदाज माझा पक्का आहे गं," म्हणायच्या, "पण अंदाजावर कात्री चालवायची नाही."

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागच्या खोलीत बाबा, म्हणजे माझे सासरे. नऊ वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली ती गेलीच. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एकटे राहिले की घाबरतात, आणि ओरडता येत नाही म्हणून डाव्या हाताने पलंगाचा लोखंडी दांडा बडवत बसतात. त्यामुळे ताईंचं शिवणयंत्र त्याच खोलीत, इस्त्रीचं टेबल त्याच खोलीत, त्यांची गादीसुद्धा त्याच खोलीत. खाली सुताराचा कारखाना, भुसा उडतो, बाबांची छाती नाजूक, म्हणून खिडकी बंद. वर गच्ची तापलेली, पश्चिमेची भिंत तापलेली, मधे ताईंची इस्त्री. उन्हाळ्यात त्या खोलीत पाऊल टाकलं की माझा जीव घुसमटायचा आणि मी "आलेच हं" म्हणून बाहेर सटकायचे. ताई कुठे सटकणार?

बाबांसाठी दिवसाची बाई ठेवून बघितली नाही असं नाही. पहिली चार दिवस टिकली. दुसरी सकाळी आली आणि दुपारी चपला घालताना म्हणाली, "पेशंट गोड आहेत हो तुमचे, पण मला भाजून घ्यायचं नाही." मग एजन्सीवाल्यांनीच सांगितलं, खोली गार करा, नाहीतर आमच्याकडे बाई मागू नका.

आणि अशात ताईंना नोकरी चालून आली. हॉस्पिटलचे कपडे शिवणारी एक मोठी कार्यशाळा आहे, तिथल्या मालकीणबाई एकदा कुणाचा तरी कोट दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. ताईंचं काम बघून त्या चाटच पडल्या. म्हणाल्या, माझ्याकडे कापड बेतायला या, बेतणीचा सगळा विभाग तुमच्या हाताखाली देते. महिनाअखेरपर्यंत कळवा. नऊ वर्षांत त्या खोलीच्या बाहेर जायचं पहिलं बोलावणं होतं ते.

जेवताना ताईंनी सांगून टाकलं. एरवी त्या जेवताना बोलत नाहीत. "बाबांच्या खोलीत एसी बसवायचा. मग बाई टिकेल. बाई टिकली की मी कामाला जाणार. पैसे माझे आहेत, तुम्ही फक्त हो म्हणा."

आमचे हे ताटातलं निवडत म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. पण ताई त्या दिवशी हटून बसल्या. "बघू नाही. हो की नाही?"

"बरं बाई, हो!" हे म्हणाले. मी आमटी वाढत राहिले. खोटं कशाला बोलू, मी तेव्हाच माझा हिशेब मांडायला लागले होते. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. बाई ठेवली आणि ती एखाद्या दिवशी आलीच नाही, तर घरी कोण राहणार? हे तर राहणार नाहीत. ताई नोकरीवर. म्हणजे मी. त्या खोलीत, दांडा वाजताना ऐकत. हे मी कुणाला बोलले नाही, पण मनात पक्कं बसलं.

ताई मात्र झपाटल्यासारख्या कामाला लागल्या. दोन रविवार मी तास-तास बाबांजवळ बसले तेवढ्यात त्या दुकानं फिरून आल्या, पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन. मग खोलीचं माप. नुसतं फुटात नाही, इंचासकट! पलंगावर चढून, कपाटामागे हात घालून, कोटाचं माप घ्यावं तशी सगळी खोली मापली. नऊ फूट चार इंच बाय अकरा फूट. खिडकी किती, दार किती, छत किती उंच. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन कुठून कुठे सरकतं ते दर तासाला शिवणाच्या खडूने आखलं. हे म्हणाले, "भिंत खराब करू नकोस." ताई म्हणाल्या, "नऊ वर्षांत या भिंतीकडे बघायला तू आलास का? आता बरी दिसली!" मला हसू आलं, ते मी पदराआड दडवलं.

रात्रीची भांडी घासताना मला समजावून सांगायच्या. "हे बघ, एसीचा टन म्हणजे वजन नव्हे. किती उष्णता बाहेर फेकतो त्याचं माप आहे ते. लहान घेतला तर धापा टाकत चालतो आणि खोली गार होत नाही. मोठा घेतला तर त्याहून वाईट."

"मोठा वाईट कसा? जास्त गार करेल की."

"तेच तर! पाच मिनिटांत हवा गार करून गप्प बसतो. पण हवेतला ओलसरपणा शोषायला त्याला सावकाश, बराच वेळ चालावं लागतं. चाललाच नाही तर कसला शोषणार? खोली गार आणि दमट, तळघरासारखी. थोड्या वेळाने परत धाडकन सुरू. परत बंद. बाबांची छाती काय राहील त्यात? माप बरोब्बर हवं. अंगावर बसणारं."

वरच्या मजल्याचं ऊन धरून, जाड पडदा धरून, दोन माणसं धरून त्यांचा हिशेब एक टनावर आला. तोही इन्व्हर्टरवाला, म्हणजे खोली गार झाली की बंद न पडता हळूहळू चालत राहणारा. वारा बाबांच्या अंगावर थेट येऊ नये म्हणून जागा दारावरची. बाबा सगळं ऐकत होते. 'एक टन' ऐकल्यावर त्यांनी डोळे मोठे करून डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं आणि डावा हात जोरजोरात हलवला. ताईंना कळलं. "पडणार नाही हो बाबा! वजन नाही ते. आणि तुमच्या डोक्यावर नाही लावत, दारावर लावतोय. पडलाच तर माझ्या डोक्यावर पडेल." बाबा अर्ध्या तोंडाने हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

रविवारी सकाळी दुकानाकडून माप घ्यायला मेकॅनिक आला. चुणचुणीत माणूस, कानावर पेन. ताईंनी आपला कागद पुढे केला तर तो वाचून म्हणाला, "मॅडम, माझं सगळं काम तुम्हीच केलंत की!" तरी त्याला त्याचा तक्ता भरायचा होता. खोली, खिडकी, भिंत, छत, तो विचारत गेला, ताई सांगत गेल्या.

"खोलीत माणसं किती?"

"दोन. बाबा आणि त्यांची बाई."

"उष्णता देणारं काही? फ्रिज, कॉम्प्युटर, इस्त्री?"

"काही नाही," ताई म्हणाल्या.

इस्त्री समोर टेबलावर होती. तो बघत होता, हे बघत होते, मी बघत होते. ताईंनी विसरून नाही म्हटलं नव्हतं. मला नीट कळत होतं, पुढच्या महिन्यात ती इस्त्री, ते शिवणयंत्र आणि त्या स्वतः या खोलीत नसणार होत्या. माप त्या तिथे नसण्याचं होतं.

आणि मी तोंड उघडलं.

"अहो ताई, इस्त्री कशी विसरलात? दिवसभर तर चालते! लिहा हो तुम्ही, इस्त्री लिहा. शिवणयंत्रही लिहा. आणि माणसं तीन करा."

ताई माझ्याकडे वळल्या. रागाने नाही. चुकलेली शिवण उसवताना बघतात तशा बघत होत्या. "इस्त्री बाहेर जाणार आहे," त्या हळू म्हणाल्या.

"बाहेर कुठे?" हे मधे पडले. "बाहेरच्या खोलीत इस्त्रीचं सॉकेट कुठे आहे? अगं, तुझ्याच सोयीसाठी सांगतेय ती. नोकरीचं जमलं तर जमलं, नाही जमलं तर तुला गारव्यात बसून काम करता येईल की. लिहा हो."

मेकॅनिकने तिघांकडे बघितलं, पेन कानावरून काढला आणि लिहिलं. "इस्त्री दिवसभर धरली तर दीड टन बसेल."

"दीड कशाला, दोनच घेऊ," हे म्हणाले. "जरा मोठाच असावा."

हा आमच्या घरचा जुना रोग आहे. हे काहीही आणतात ते वाढीव मापाचं. स्वतःचे शर्ट, बूट, पाण्याची टाकी, लेकीचा गणवेश, सगळं एक नंबर मोठं. 'कधीतरी उपयोगी पडेल.' मुलीचे गणवेश ताईच कापून बेताचे करायच्या आणि यांना चार गोष्टी सुनवायच्या. पण एसी काही कापून लहान करता येत नाही.

मेकॅनिक जाता जाता म्हणाला, "मॅडमचा हिशेब बरोबर आहे साहेब. इस्त्री नसेल तर एक टनच घ्या." एवढं तो म्हणाला होता, हे मी कबूल करते.

बुधवारी दुकानात जाऊन ऑर्डर द्यायची होती. ताईंनी मला विचारलं, "दुकान दुपारनंतर उघडतं. अर्धा दिवस रजा टाकशील का? मी स्वतः जाऊन येते." मी म्हटलं, "बुधवारी दवाखान्यात फार गर्दी असते हो." गर्दी सोमवारी असते. मग ताईंनी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, 'एक टन, इन्व्हर्टर', खाली रेघ ओढली, पुन्हा एक रेघ ओढली आणि यांच्या खिशात घातली. हे संध्याकाळी आले ते लॉटरी लागल्यासारखे. "दोन टन घेतला! इन्व्हर्टरला पंधरा दिवस थांबायला लागत होतं, हा साधा लगेच मिळाला. उद्या बसवतात. तुझी नोकरीची घाई होती ना?"

ताईंनी विचारलं, "चिठ्ठी वाचलीस?"

"अगं वाचली. पण इस्त्री धरून सांगितलं मी त्यांना."

त्या रागावतील, आदळआपट करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बाबांची कूस बदलली, पाठीला पावडर लावली आणि राहिलेली एक पँट पूर्ण केली. "थांबून चालणार नाही," एवढंच म्हणाल्या, "महिनाअखेर आली." मनात त्यांनी ठरवलं असावं की कसंही करून या मोठ्या मापातच भागवायचं.

पहिल्या दिवशी काय मजा झाली म्हणून सांगू! आम्ही सगळे मागच्या खोलीत, शेजारणी, त्यांची पोरं, सुताराची बायको, सगळे गारव्याला. बाबांना वाटलं आपला वाढदिवसच आहे. "दार लावा, दार लावा!" हा एकच गजर. ताई कोपऱ्यात हातात रिमोट धरून बसल्या होत्या, घड्याळ बघत. चार मिनिटांत खट् करून यंत्र बंद. अकरा मिनिटांनी धाडकन चालू. चार मिनिटांत पुन्हा बंद.

दोन दिवसांत चादरी दमट लागायला लागल्या. उशीला कुबट वास. यंत्र सुरू झालं की बर्फाचा झोत, बाबा कुडकुडायचे. बंद पडलं की छतावरची उष्णता उतरायची आणि त्यांना घाम फुटायचा. ताईंनी हिकमती केल्या. तापमान वाढवून बघितलं, पंखा कमी करून बघितला, नुसता ओल शोषणारा पर्याय लावून बघितला, झोताला जाड कापडाचा आडोसा शिवला. शेवटी त्यांना एक लय सापडली. यंत्र इतकी मिनिटं चालू द्यायचं, मग हाताने बंद करायचं, पांघरूण काढायचं, खिडकी बोटभर उघडायची, भुसा यायला लागला की मिटायची, पुन्हा चालू, पुन्हा पांघरूण. दिवसभर. ते नेमकं कधी करायचं हे बाबांच्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि तो चेहरा फक्त ताईंना वाचता यायचा.

दुकानवाल्याला मी स्वतः फोन केला, अगदी तावातावाने. तो म्हणाला, भिंतीला भोकं पाडली, गॅस सोडला, आता परत कसा घेऊ? आणि तक्ता तर तुमच्याच घरी भरलाय. इस्त्री लिहिली आहे ना त्यात? मी फोन ठेवून दिला.

एजन्सीने बाई पाठवली. चांगली, कामसू, हसऱ्या तोंडाची. ताईंनी तिला सगळं शिकवलं, मिनिटांसकट कागदावर लिहून दिलं. पहिल्या दिवशी ताई मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसल्या, हातात काम न घेता, नुसत्या दाराकडे बघत. आतून दांडा वाजला की अर्ध्या उठायच्या आणि स्वतःला दाबून परत बसायच्या. तिसऱ्या दिवशी बाबांची छाती भरली, डॉक्टर बोलवावे लागले. बाई रडकुंडीला आली. "ताई, आजारी माणसाला मी सांभाळीन हो. पण हे यंत्र सांभाळायला तुम्ही वेगळी बाई ठेवा." आणि गेली.

दोनच दिवस उरले होते. हे म्हणाले, "जाऊ दे गं ताई. आता खोली गार झाली आहे ना? आता नोकरी कशाला हवी? आरामात बस आणि काम कर. तुझ्यासाठीच तर एवढा मोठा घेतला." त्यांच्या तोंडावर खरंखुरं प्रेम होतं. तेच तर. त्यांना शिव्या घालाव्यात तर कुठल्या तोंडाने घालाव्यात?

शेवटच्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला. मी घरीच होते, दवाखान्याला सुट्टी होती. ताईंचे दोन्ही हात गुंतलेले, बाबांना कुशीवर धरलेलं. म्हणाल्या, "माझ्या कानाला लाव." मी लावला. पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. बाई म्हणत होत्या, तुमची वाट बघून मी दोघांना नाही म्हटलं आहे, उद्या येताय ना? काही अडचण असेल तर सांगा, वेळ मागेपुढे करू, अर्धा दिवससुद्धा चालेल मला.

अर्धा दिवस. माझी दवाखान्यातली वेळ दुपारची आहे. सकाळ मला मोकळी असते. हे ताईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. ताईंनी फोनकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. यंत्र बंद होतं, पलीकडून मालकीणबाई 'हॅलो, हॅलो' करत होत्या. मी फोन धरून उभी, तोंड मिटून.

"नाही जमणार हो," ताई म्हणाल्या. "दुसरं कुणी बघा. तुम्ही विचारलंत हेच खूप झालं."

फोन बंद झाला. त्यांनी बाबांच्या पाठीमागे उशी लावली, चादर ओढली, सुरकुती हाताने सरळ केली. आणि मग माझं तोंड उघडलं, आता उघडलं! "ताई, मी सकाळची बसेन हो बाबांजवळ. रोज बसेन. तुम्ही जा. परत फोन लावते मी, आत्ता लावते."

ताईंनी रिमोट उचलला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, खरंच विचारायचं म्हणून विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "हे फोन ठेवायच्या आधी का नाही बोललीस गं?"

मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले. नंबर लावायला एक बोट लागलं असतं. ताई थोडा वेळ थांबल्या, मग यंत्र सुरू केलं आणि मला म्हणाल्या, "बाहेर जाताना दार लावून घे."

मी बाहेर आले आणि दार लावून घेतलं.